मार्लिसचा हिरवा दिवा

आमच्या ऑफिसात माणूस शाबूत आहे की नाही हे त्याच्या नावापुढच्या दिव्यावरून ठरतं. पडद्यावरचा तो ठिपका हिरवा असला की माणूस कामाला जुंपलेला. काही मिनिटं बोटं हलली नाहीत की तो पिवळा होतो, आणि मग मॅनेजरचा निरोप येतो, 'सगळं ठीक ना?' हा प्रश्न आहे असं समजून आमच्याकडे कोणी त्याला उत्तर देत नाही. मुकाट्याने टाईप करायला लागतात.

मी डार्लीन ह्रुस्का. सीडर रॅपिड्समध्ये एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. गारांनी फुटलेली छपरं, थंडीने फुटलेले नळ, गाडीवर पडलेली झाडं, हे आमचं रोजचं काम. शेजारच्या टेबलावर मार्लिस ट्वेट बसायची. मधे कापड लावलेली बुटकी भिंत, आणि त्या भिंतीवरून आमचा सगळा व्यवहार चालायचा. बिस्किटं, डोकेदुखीच्या गोळ्या, पोरांच्या तक्रारी, नवऱ्यांची निंदा.

मार्लिस फोन उचलला की आधी छपराचं विचारायचीच नाही. "घरातली माणसं धड आहेत ना सगळी?" असं विचारायची. मग पलीकडचा माणूस रडायचा, नाहीतर शिव्या घालायचा, आणि ते उरकलं की शहाण्यासारखा बोलायला लागायचा. एका म्हाताऱ्याला तिने छपराची भरपाई तर मिळवून दिलीच, वर ताडपत्रीखाली दडून बसलेली मांजर बाहेर कशी काढायची तेही सांगितलं. संध्याकाळी कोट चढवताना म्हणायची, "आज दोघांच्या डोक्यावर छप्पर आलं गं." आणि ती खरंच खूश असायची. त्या खुशीचा मला तेव्हा थोडा रागही यायचा, कारण माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

मग साथ आली आणि सगळे घरी बसलो. साथ गेली, पण काम बदलून गेलं. फोन आता यंत्र घेतं. आम्हाला नुसता दावा दिसतो, आणि खाली नाकारण्याची कारणं एकाखाली एक मांडलेली. एक निवडायचं, बटण दाबायचं, पुढचा दावा घ्यायचा. माणसाचा आवाज म्हणून कुठे येत नाही. मार्लिस म्हणायची, "पूर्वी मी नाही म्हटलं तरी लोक आभार मानून फोन ठेवायचे. आता हो म्हटलं तरी कोणी म्हटलं ते त्यांना कळत नाही."

त्याच सुमारास तिचा नवरा आर्लो कॅन्सरने गेला. त्या घरात तिला राहवेना. ते विकून ती उत्तरेला, मिनेसोटाच्या सीमेलगत टेकड्यांमध्ये, चुलतभावाच्या रिकाम्या शेतघरात जाऊन राहिली. सोबतीला गस नावाचा म्हातारा कुत्रा. कंपनीने जवळपास राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं आणि लांबच्यांना घरून काम करायची मुभा ठेवली. ही मुभा म्हणजे मेहरबानी आहे, हे दर बैठकीत गोड शब्दांत ऐकवलं जायचं.

मार्लिस बासष्टची. तिच्या हृदयाला रोजची औषधं लागायची, आणि ती मिळायची कंपनीच्या विम्यातून. पासष्ट पूर्ण झाली की सरकारी विमा. तोवर नोकरी गेली तर औषधं गेली. "पासष्टपर्यंत श्वास रोखून धरायचा," ती म्हणायची, "मग सोडायचा."

ती तिकडे आणि मी इकडे, पण भिंतीची सवय सुटेना. म्हणून आम्ही एक रीत पाडली. सकाळी कामाला बसलं की मी तिला लॅपटॉपवरून कॉल लावायचा, तिने "आले गं" म्हणायचं, आणि मग तो कॉल संध्याकाळपर्यंत तसाच चालू ठेवायचा. बोलायचं नाही. आपापलं काम करायचं. माझ्या एका कानात ऑफिस आणि दुसऱ्या कानात मार्लिसचं घर. तिची केटली, तिची करकरणारी खुर्ची, दार खरवडणारा गस. तिचं टाईप करणंही मला पाठ होतं. आधी एक जोराची सर, मग थांबणं, मग "हं", मग एक उसासा, पुन्हा सर. गस भुंकला की ते थांबायचं आणि ती म्हणायची, "काय रे बाबा?" कधी चुकली नाही. कुत्र्यालाही ती आधी काय दुखतंय ते विचारायची.

दुपारच्या खाण्याच्या वेळी तेवढं आम्ही भांडून घ्यायचो.

"तुझं बरंय बाई," मी म्हणायचे. "घरचे कपडे घालून पगार घ्यायचा. मला सकाळी उठून बर्फ ओढून गाडी काढावी लागते."

"तुझं बरंय. भोवती माणसं आहेत."

"कसली माणसं? सगळ्यांच्या कानात इअरफोनचे बोळे. काल शिंकले तर कोणी वर पाहिलं नाही."

"मी ऐकलं होतं," मार्लिस म्हणायची. "मी म्हटलं होतं, देव बरं करो."

कंपनीला आमच्या मनाची काळजी नव्हती असं नाही. दुपारी पडद्यावर झाडाचं एक पान उमलायचं आणि 'दीर्घ श्वास घ्या' असं सांगायचं. डोळे मिटून श्वास घेत बसलं तर दिवा पिवळा व्हायचा. शांत बसायला म्हणून एक खोली होती, तिच्यात जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मार्लिसच्या जागी आता कर्टिस बॉयल बसायचा, चाळिशीतला, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "मन शांत करायचं असेल तर त्या खुर्च्यांवर चढावं लागेल, आणि पडलो तर दावा आपल्याच खात्यात."

कर्टिसला शुक्रवारी घरून काम करायची परवानगी होती. एकदा त्याने खणातून अंगठ्याएवढं यंत्र काढून मला दाखवलं. त्याला रबराचं एक बोट होतं. कळफलकावर ठेवलं की ते बोट एक कळ दाबत राहायचं. टक, टक, टक.

"हा आमचा टकटक्या," तो म्हणाला. "शुक्रवारी मी पोरीच्या शाळेत जातो आणि हा ऑफिसला बसतो."

"तुझ्याआधी बढती मिळेल त्याला."

"मिळू दे. पगार मात्र माझ्या नावावर यायला हवा."

आम्ही हसलो. टकटक्याबद्दल निम्म्या मजल्याला माहीत होतं आणि कोणी कोणापाशी नाव काढत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मार्लिसचा आवाज बारीक होत गेला. 'आले गं' मधला 'गं' आधी गेला. केटली वाजेनाशी झाली. एकदा खाण्याच्या वेळी मी विचारलं, "काय खातेयस?" तर म्हणाली, "बघते." काय बघते कोण जाणे. नंतर एकदा आपणहून बोलली.

"डार्लीन, दुपारी मी कुठे जाते मला कळत नाही. पडद्याकडे बघत बसते. मग एकदम दिवा पिवळा दिसतो आणि छातीत धडधडतं."

"डॉक्टरला दाखव."

"विचारलं. मनाच्या डॉक्टरची मे महिन्यातली तारीख मिळालीय."

"मे? आणि तोवर?"

"कंपनीचा मदतीचा नंबर आहे ना. लावला होता. मनाला त्रास असेल तर दोन दाबा म्हणाले. मी दोन दाबलं." ती थोडी हसली. "मग बराच वेळ बासरी वाजत होती. मी ठेवून दिला."

"मी येते या शनिवारी."

"रस्ते बघ कसे आहेत. बर्फ वितळू दे. मग ये."

मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर. तिकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडणार होता.

मार्च लागला आणि मार्लिस सुधारली. निदान माझ्या कानाला तसं वाटलं. सकाळी ती आपल्या चालीने काम करायची, पण दुपारी तिचं टाईप करणं सलग यायला लागलं. थांबणं नाही, उसासा नाही. मी कर्टिसला म्हटलं, "बाई सावरली बघ. दुपारभर नुसती कामाला लागलेली असते." मी आनंदाने हे सांगितलं. माणसाचं थांबणं बंद झालं म्हणजे माणूस बरा झाला, असं या धंद्यात राहून माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं.

एका बुधवारी सकाळी मी कॉल लावला. तिने "आले" म्हटलं. मग जरा वेळाने विचारलं, "तू बरी आहेस ना, डार्लीन?"

असं ती कधी विचारत नसे. मी दाव्यांच्या ढिगाकडे बघत म्हटलं, "मरतेय कामाने. तू?"

"मी आहे," ती म्हणाली.

दुपारी पान उमललं, श्वास घ्या म्हणालं, मिटलं. माझ्या कानात मार्लिसचं टाईप करणं चालू होतं. मग गस भुंकला. टाईप करणं थांबलं नाही. तो पुन्हा भुंकला, मग त्याने दार खरवडलं, मग कण्हल्यासारखा आवाज काढला. टक, टक, टक. मी हात थांबवून वाट बघत बसले. 'काय रे बाबा' आलं नाही.

तेव्हा मला समजलं.

"मार्लिस," मी म्हटलं. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने, की आजूबाजूच्यांनी कानातले बोळे काढून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे टक, टक, टक. मी माझ्या मोबाईलवरून तिचा मोबाईल लावला. एका कानात घंटी जात होती आणि दुसऱ्या कानात तीच घंटी तिच्या खोलीत वाजताना ऐकू येत होती. कोणी फोन उचलला नाही. गस तेवढा त्या घंटीवर भुंकत होता.

मी हेडफोन कर्टिसच्या कानाला लावला. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"टकटक्या आहे," तो पुटपुटला.

"मला पोलीस पाठवायचेत तिकडे."

"पाठव. पण टकटक्याचं नाव काढू नकोस. एक सापडला की सगळ्यांची झडती घेतील. डार्लीन, माझी पोरगी आहे."

तिकडच्या पोलिसांना फोन लावला. बाई सभ्य होती. "पत्ता?" म्हणाली.

"टेकड्यांमध्ये आहे. खडीचा रस्ता आहे. चुलतभावाचं घर."

"बाई, आमच्याकडे सगळे टेकड्यांमध्ये आणि खडीच्याच रस्त्यावर राहतात. चुलतभावाचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. मार्लिस त्याला 'चुलतभाऊ' म्हणायची. फोनवरच्या बाईने मार्लिस ट्वेट हे नाव शोधून पाहिलं. घर मार्लिसच्या नावावर नव्हतं, फोन जुन्या पत्त्यावर होता. "कुठला तालुका तेही पक्कं नाही का?" तिने विचारलं. मार्लिसची केटली, तिची खुर्ची, तिचा खोकला मी अंधारातही ओळखला असता. ती राहते कुठे ते मला सांगता येईना. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

पत्ता कंपनीकडे होता. म्हणजे ट्रेंटकडे.

ट्रेंट महोनी आमचा मॅनेजर. वयाने माझ्या धाकट्याएवढा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला अहो-जाहो करतो. माणूस वाईट नाही. त्याच्याही नावापुढे दिवा आहे, आणि तो दिवा बघणारा कोणीतरी वरच्या मजल्यावर आहे.

"ट्रेंट, मार्लिसचा पत्ता दे. काहीतरी झालंय तिला. हाकेला उत्तर देत नाही."

"एक मिनिट, डार्लीन. बसा." त्याने पडदा उघडला. "हे बघा, दिवा हिरवा आहे. अगदी आत्ता, या क्षणाला टाईप करतायत. उलट आज दुपारपासून त्या टीममध्ये सगळ्यात पुढे आहेत."

"ऐक तर." मी कॉल मोबाईलवर घेतला होता, तो त्याच्यापुढे धरला.

त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला. "करतायत की टाईप. कानाला काही लावलं नसेल, म्हणून तुमचं ऐकू येत नसेल."

"कुत्रा भुंकतोय तो ऐक. ती थांबली का?"

"कामात असतील."

"ती कुत्र्यासाठी थांबते. नेहमी."

"डार्लीन, कोणाचा खाजगी पत्ता असा देता येत नाही मला. नियम आहे. काम करणाऱ्या माणसाच्या दारात पोलीस पाठवले तर उद्या मार्लिसच तक्रार करतील. कुत्रा भुंकला एवढ्यावरून मी काय सांगू वरती?"

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या पडद्यावर मार्लिस जिवंत होती, कामसू होती, पहिली होती. ती तशी नाही हे त्याला पटवायचं तर माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं. ते सांगितलं की पासष्टपर्यंत धरलेला श्वास गेला. मी काचेतून बाहेर पाहिलं. कर्टिस उभा राहून माझ्याकडेच बघत होता. त्याने हळूच मान हलवली. नको.

"ती टाईप करत नाहीये," मी म्हटलं. "यंत्र आहे ते. कळ दाबणारं. दिवा खोटा आहे तिचा."

ट्रेंटने पुन्हा फोनकडे कान केला, आणि या वेळी त्याला ते ऐकू आलं, एकसारखं, न थकता चाललेलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आधी पत्ता दे."

त्याने दिला. नुसता दिला नाही, स्वतः फोन लावून पोलिसांना सांगितला, रस्त्याच्या खुणा नकाशात बघून सांगितल्या. हे मी त्याच्या बाजूने सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्या विरुद्ध आहे.

मग आम्ही दोघं त्याच्या खोलीत फोन मधे ठेवून बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. टक, टक, टक. कधीतरी दारावर थापा पडल्या. गस वेडा झाल्यासारखा भुंकला. पुरुषाचा आवाज आला, "मॅडम? मार्लिस मॅडम?" दार मोडल्याचा आवाज. जड बुटांची पावलं, आधी जवळ, मग लांब, मग धावत. दुसरा आवाज कोणाला तरी लवकर या म्हणत होता. आणि या सगळ्यात मार्लिसचं टाईप करणं व्यवस्थित चालू होतं.

शेवटी पावलं टेबलापाशी आली. "हे काय वाजतंय?" एकाने विचारलं. काहीतरी उचलल्यासारखा आवाज झाला आणि टकटक थांबली.

ट्रेंटच्या पडद्यावर दिवा आणखी काही मिनिटं हिरवाच राहिला. मग पिवळा झाला. त्याच्या यंत्रणेने आपोआप तिला निरोप पाठवला, 'सगळं ठीक ना?' मार्लिस तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये होती.

तिने काय केलं होतं ते मी सांगणार नाही. कोणाला ते कळायची गरज नाही. जायचं ठरवून तिने केलं होतं, आणि आणखी उशीर झाला असता तर ती गेली असती, एवढं पुरे. ती वाचली. दवाखान्यातल्या बाईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या गाडीतळावर उभी होते, आणि मी तिथेच वितळत्या बर्फात बसून रडले.

पुढच्या आठवड्यात ट्रेंटने मला बोलावलं. दार लावून घेतलं.

"मला ते लिहावं लागलं," तो म्हणाला.

"काय?"

"यंत्राचं. मी ऐकलं ते न ऐकल्यासारखं कसं करू? पोलिसांच्या टिपणातही आलंय. काम न करता पगार घेणं म्हणजे कंपनीच्या लेखी चोरी, डार्लीन. मी रजेवर दाखवायला सांगून पाहिलं. वरून नाही म्हणाले."

"दवाखान्यात आहे ती."

"या महिन्याअखेरपर्यंत विमा चालेल."

"आणि मग?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी दिसलं की त्याची नखं कुरतडून कुरतडून रक्त आलेलं आहे. मी उठून आले.

मग झडती झाली. कर्टिस म्हणाला होता तशीच. आधी घरून काम करणाऱ्यांची, मग शुक्रवारवाल्यांची. एकसारखं टाईप करणारा जो जो सापडला त्याला बोलावलं. कर्टिस खोकं भरताना माझ्याकडे बघत नव्हता. पोरीचा फोटो ठेवला, कप ठेवला.

"कर्टिस," मी म्हटलं.

"खोटं बोलायचं होतंस," तो म्हणाला. "आग लागल्याचा वास आला म्हणायचं होतंस. पत्ता काढायला तुला दुसरं काही सुचलं नाही?"

नव्हतं सुचलं. अजून रोज एक नवीन सुचतं.

महिन्याच्या बैठकीत मनाच्या आरोग्याचा विषय निघाला. एकमेकांकडे लक्ष द्या, असं सांगताना ट्रेंटने नाव न घेता माझं उदाहरण दिलं, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर कॉफीच्या दुकानाचं कूपन ठेवलेलं होतं. मी ते टराटरा फाडलं. अर्धं फाडून झाल्यावर वाटलं की कोणीतरी बघतंय, म्हणून उरलेलं टेबलाखाली धरून फाडलं. इतकी हिंमत माझी.

मार्लिस घरी आली तेव्हा कंपनीला लॅपटॉप परत हवा होता. मी म्हटलं, मी घेऊन येते. आता मला पत्ता माहीत होता.

बर्फ वितळून खडीच्या रस्त्यावर चिखल झाला होता. चुलतभावाने दार उघडलं. त्याचं नाव रोलंड. दाराची कडी नवीन होती. मार्लिस खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, आर्लोचा स्वेटर घालून. खूप लहान दिसत होती. गस माझ्या बुटांचा वास घेऊन तिच्या पायाशी परत गेला. मी घरून कोलाचे आणले होते, जर्दाळू भरलेले गोड पाव, तिला आवडणारे. ते टेबलावर ठेवले. कोणी हात लावला नाही.

"तू सांगितलंस त्यांना?" तिने विचारलं.

"हो."

"त्या यंत्राचं."

"हो. ट्रेंट पत्ता देईना. म्हणत होता, दिवा हिरवा आहे."

रोलंड स्वयंपाकघरात भांडी धूत होता, कान इकडेच ठेवून.

"तीन वर्षं काढायची होती गं मला फक्त," ती म्हणाली. "मी त्यांचं काही नेत नव्हते. सकाळी सगळे दावे उरकायचे. दुपारी नुसतं बसता येत नव्हतं तिथे. एवढंच."

"माहितीये."

"मी वाचव म्हटलं नव्हतं तुला."

"नव्हतंस."

"आणि चोर ठरव असं पण म्हटलं नव्हतं."

"नव्हतंस, मार्लिस."

मी येताना खूप काही ठरवून आले होते, माफी मागायचं वगैरे. ते तोंडातून निघालं नाही. "पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन," मी म्हटलं. "तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल."

तिने मान फिरवली. "लॅपटॉप तिथे आहे. ने. आणि जा आता."

गाडीपर्यंत रोलंड सोडायला आला. औषधांसाठी कुठल्या कुठल्या सरकारी कचेऱ्यांत जातोय ते त्याने सांगितलं. "काहीतरी होईल," म्हणाला. त्यालाही ते खरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं.

ऑफिसात मार्लिसचं नाव पडद्यावरून गेलं. कर्टिसच्या जागी कोणी आलं नाही. मी रोज सकाळी कामाला बसताना माझा स्वतःचा मोबाईल काढायचे आणि तिला लावायचे. घंटी वाजून वाजून थांबायची. ती बघत असेल, नाव वाचत असेल, हे मला माहीत होतं. तरी लावायचे. नाही उचलला तर संध्याकाळी रोलंडला फोन करायचा, असं माझं आणि त्याचं ठरलं होतं. "आहे," तो सांगायचा. "उठलीय. थोडं सूप घेतलं."

झाडांना पालवी आली तेव्हा एका सकाळी घंटी मधेच थांबली. मला वाटलं कापला. पण कापला नव्हता. पलीकडे एक घर होतं. घड्याळाची टिकटिक, लांबवर ट्रॅक्टर. 'आले गं' आलं नाही. मीही काही बोलले नाही. फोन कागदांखाली सरकवला, एका कानात बोळा घातला आणि कामाला लागले.

दुपारी पान उमललं आणि मिटलं. थोड्या वेळाने गस भुंकला.

माझे हात थांबले. पलीकडे काही नाही. तो पुन्हा भुंकला, मग दार खरवडलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. समोर माझाच दिवा पिवळा झाला. खाली ट्रेंटचा निरोप आला, 'सगळं ठीक ना?' मी कळफलकाला हात लावला नाही. गस कण्हला. रोलंडला फोन करावा का, पोलिसांचा नंबर कुठे ठेवलाय, हे सगळं डोक्यातून जात होतं.

मग खुर्ची करकरली. आणि खूप दिवस न वापरलेल्या आवाजात, सावकाश, कोणीतरी म्हणालं, "काय रे बाबा?"

ते माझ्याशी नव्हतं. कुत्र्याशी होतं. मी थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग ट्रेंटचा निरोप उघडला आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं, 'नाही.'